दोन तिजोऱ्यांमधला पगारदार

परदेशी नोकरीस गेलेल्या माणसाच्या पगारावर कर कोणी घ्यावा, या प्रश्नाला जगात तीन उत्तरे आहेत. जेथे त्याने घाम गाळला त्या देशाने घ्यावा, हे एक. जेथे त्याचे बिऱ्हाड आहे त्या देशाने घ्यावा, हे दुसरे. आणि ज्याचा तो नागरिक आहे त्या देशाने, मग तो पृथ्वीच्या पाठीवर कोठेही असो, हे तिसरे. तिन्ही उत्तरे आपापल्या जागी सयुक्तिक वाटतात. अडचण एवढीच की, तिघे धनी एकाच दिवशी दारात उभे राहिले तर महिनाअखेरीस पाकिटात काही उरत नाही. या तीन उत्तरांच्या फटीत गेल्या शंभर वर्षांत एक धंदा उभा राहिला. परदेशी नेमलेल्या नोकरदाराला त्याचा कर समजावून सांगणारा, दोन्हीकडची विवरणपत्रे भरून देणारा सल्लागार हा त्या धंद्याचा माणूस. तो अर्धा वकील, अर्धा हिशेबनीस, आणि थोडासा पंचांग पाहणारा जोशीही असतो. कारण त्याचे निम्मे काम दिवस मोजण्याचे असते.

विषय रुक्ष आहे हे आम्हांस ठाऊक आहे. उन्हाळ्याच्या संध्याकाळी कराचे नाव काढले की पुढच्या रांगेतली माणसेसुद्धा चपला शोधू लागतात. परंतु ज्या घरातला मुलगा, सून, पुतण्या किंवा भाची परदेशी नोकरीत नाही, असे घर आता शोधावेच लागेल. तेव्हा हा इतिहास परका राहिलेला नाही. आम्हांस त्यातून जे दिसते ते आरंभीच सांगून टाकतो. देशादेशांमधले कराचे करार मुख्यतः भांडवलाच्या सोयीसाठी झाले. पगारदाराला त्यांत एखाद्या कलमाएवढी जागा मिळाली. उरलेले ओझे सल्लागाराच्या खांद्यावर आले. आणि हा सल्लागार पुष्कळ वर्षे कंपनीचा होता, पगारदाराचा नव्हता.

दुहेरी कराचे दुःख फार जुने नाही, कारण प्राप्तिकरच मुळी अर्वाचीन. इंग्लंडात पिटने फ्रान्सशी चाललेल्या युद्धाच्या खर्चासाठी तो १७९९ साली बसविला. १८१६ त तो उठला आणि १८४२ त पीलने पुन्हा आणला. आपल्याकडे १८५७ च्या उठावाने रिकामी झालेली तिजोरी भरण्यासाठी जेम्स विल्सन यास विलायतेहून धाडण्यात आले. ‘इकॉनॉमिस्ट’ पत्राचा हा संस्थापक १८५९ च्या अखेरीस कलकत्त्यास आला, फेब्रुवारी १८६० त त्याने प्राप्तिकराची योजना मांडली आणि त्याच वर्षी ऑगस्टात तो कलकत्त्यातच वारला. कर मात्र राहिला. मध्ये काही वर्षे तो बंद पडला, पण १८८६ च्या कायद्याने त्याने कायमचे ठाण मांडले.

त्या काळी दर हलके होते. १९१४ साली इंग्लंडातला मूळ दर पौंडामागे १ शिलिंग २ पेन्स, म्हणजे शेकडा सहाच्याही आत होता. हिंदुस्थानात पैसा गुंतवून लंडनात राहणाऱ्या साहेबाला दोन्हीकडे कर पडला तरी तो कुरकुरे, रडत नसे. पहिल्या महायुद्धाने हे चित्र पालटले. १९१८ साली तोच दर पौंडामागे ६ शिलिंग, म्हणजे शेकडा ३० झाला. आता एकाच साम्राज्याच्या दोन भागांत एकाच मिळकतीवर दोन कर बसणे असह्य झाले. इंग्लंडने १९१६ त तात्पुरती आणि १९२० त कायमची सवलत दिली. आपल्याकडच्या १९२२ च्या प्राप्तिकर कायद्यातही ४९ व्या कलमाने विलायतेत भरलेल्या कराबद्दल सूट आली. ज्यांच्या ओरडीने हे घडले ते मुख्यतः भागभांडवलाचे आणि रोख्यांचे धनी होते. जहाजावर कोळसा ओढणारा कोकणी खलाशी या वादात कोठेच नव्हता. त्याचा पगारच मुळी कराच्या पट्टीपर्यंत पोचत नव्हता.

युद्ध संपल्यावर हा प्रश्न राष्ट्रसंघाकडे गेला. संघाने चार अर्थशास्त्रज्ञ निवडले: रॉटरडॅमचे ब्रुइन्स, ट्यूरिनचे लुइजी आइनाउदी, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाचे एडविन सेलिग्मन आणि लंडनचे सर जोसाया स्टॅम्प. त्यांचा अहवाल १९२३ साली आला. यांतले आइनाउदी पुढे इटलीचे राष्ट्राध्यक्ष झाले. सेलिग्मन यांचे नाव आपल्याला निराळ्या कारणाने जवळचे आहे. ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे कोलंबियातील गुरू. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील बाबासाहेबांचा ग्रंथ १९२५ साली निघाला, त्याची प्रस्तावना सेलिग्मन यांनीच लिहिली आहे. केंद्राने काय घ्यावे व प्रांताने काय घ्यावे, या प्रश्नाशी शिष्य झुंजत होता. त्याच सुमारास एका देशाने काय घ्यावे व दुसऱ्याने काय घ्यावे, या प्रश्नाशी गुरू झुंजत होते. एकाच पैशावर दोन सत्तांचा हक्क कसा वाटावा, हेच दोघांचे कोडे.

चौघांनी जी कसोटी मांडली तिला ‘आर्थिक निष्ठा’ म्हणता येईल. माणूस राजकीय निष्ठा एका देशाला वाहतो. पण त्याचा पैसा कोठे उपजला, कोठे ठेवला आहे, कोणत्या देशाच्या कायद्याने त्याचे रक्षण होते आणि तो कोठे राहून खर्च करतो, हे पाहिले तर निष्ठेची चार टोके चार देशांत निघतील. त्या त्या मिळकतीचे वजन ज्या टोकाला जास्त, तिकडे कर द्यावा. कल्पना सुंदर होती. पण अहवाल वाचताना लक्षात येते की खरा काथ्याकूट जमीन, खाणी, कारखाने, जहाजे, गहाणखते आणि रोखे यांचा आहे. पगाराचे नाव तक्त्यात आहे, पण त्यावरून कोणी हमरीतुमरीवर आलेले नाही. पुढे १९२८ साली राष्ट्रसंघाने नमुना करार तयार केले, त्यांत मजुरी व पगार यांवरचा कर काम जेथे झाले तेथे, असे ठरले आणि मंडळी पुन्हा नफ्याच्या वाटणीकडे वळली.

स्टॅम्प यांच्याविषयी एक गोष्ट येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. सोळा वर्षांचे असताना ते करखात्यात पोऱ्या-कारकून म्हणून लागले आणि विद्वत्तेच्या बळावर लॉर्ड झाले. १९४१ च्या एप्रिलात लंडनजवळच्या त्यांच्या घरावर जर्मन बॉम्ब पडून ते, त्यांची पत्नी आणि थोरला मुलगा एकाच क्षणी ठार झाले. कोण आधी गेले हे कळत नसेल तर वडील माणूस आधी गेले असे इंग्लंडचा कायदा धरून चालतो. त्यामुळे क्षणमात्र मुलगा वारस ठरला, मग त्याचा धाकटा भाऊ. आणि एकाच इस्टेटीवर मृत्युकर दोनदा बसला. दुहेरी कराच्या निवारणासाठी खपलेल्या माणसाच्या घरावर ही पाळी यावी, याला काय म्हणावे!

आता तिसऱ्या उत्तराकडे वळू. ते अमेरिकेचे. यादवी युद्धाच्या काळात, १८६४ च्या कायद्याने, परदेशी राहणाऱ्या अमेरिकी नागरिकांवरही कर बसविण्यात आला होता. देश रक्त सांडीत असताना कोणी युरोपात जाऊन सुखाने बसू नये, ही भावना त्यामागे होती. युद्ध संपले, तो करही १८७२ साली संपला; पण १९१३ साली नवा प्राप्तिकर आला तेव्हा ती जुनी भावना नव्या कायद्यात तशीच उतरली.

कुक नावाचा एक अमेरिकी नागरिक मेक्सिको शहरात कायमचा स्थायिक झाला होता. घर तेथे, मालमत्ता तेथे, उत्पन्न तेथलेच. १९२१ च्या कायद्याप्रमाणे मेरीलँडच्या करवसुली अधिकाऱ्याने, टेट याने, त्याच्याकडे १,१९३ डॉलर ३८ सेंट मागितले. कुकने पहिला हप्ता, २९८ डॉलर ३४ सेंट, भरला आणि तो परत मिळावा म्हणून दावा लावला. त्याचे म्हणणे साधे होते: मी तुमच्या देशात राहत नाही, माझी कवडी तुमच्या देशात नाही, मग कर कशाचा? ५ मे १९२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या विरुद्ध निकाल दिला. सरकार आपल्या नागरिकाला आणि त्याच्या मालमत्तेला तो असेल तेथे उपकारक होते, असे समजावे. म्हणून नागरिकत्व हाच कराचा पुरेसा आधार, हा निकालाचा आशय. तीनशे डॉलरांच्या आतला हा दावा. पण त्याने घालून दिलेला पायंडा शंभर वर्षे अमेरिकी नागरिकांच्या मागे जगभर फिरत आहे. या तत्त्वावर चालणारा दुसरा ठळक देश म्हणजे आफ्रिकेतला एरिट्रिया. तोही परदेशस्थ नागरिकांकडून शेकडा दोन मागतो.

न्यायालयाने दार लावले, पण दोन वर्षांत काँग्रेसने खिडकी उघडली. १९२६ च्या कायद्याने वर्षात सहा महिन्यांहून अधिक काळ परदेशी राहणाऱ्या अमेरिकनाचा तेथला पगार करमुक्त केला. दया मात्र पगारदाराची आली नव्हती. परदेशी बाजारपेठेत अमेरिकी कंपन्यांचे विक्रेते इंग्रज व जर्मन विक्रेत्यांच्या तुलनेत महाग पडू नयेत, हा हेतू होता. पगारदाराला सवलत मिळाली ती मालाच्या पाठीवर बसून! पुढची साठ वर्षे ही खिडकी उघडत-मिटत राहिली. १९५१ साली अठरा महिन्यांपैकी सतरा महिने बाहेर राहिले तरी सूट मिळू लागली. त्या काळी अमेरिकेतला सर्वांत वरचा दर शेकडा ९० च्याही वर होता. लगेच हॉलिवुडचे नट चित्रपट काढण्यासाठी युरोपात जाऊन राहू लागले. तेव्हा १९५३ त अशा लोकांसाठी वीस हजार डॉलरांची मर्यादा घातली गेली. १९६२ त मर्यादा इतरांनाही लागली, १९७६ त ती बरीच खाली आली. कंपन्यांनी आरडाओरड केल्यावर १९७८ त घरभाडे, मुलांच्या शाळा, सुटीत घरी जाण्याचा खर्च अशा वजावटींचे जंगल उगवले, आणि १९८१ त ते तोडून पुन्हा सरळ, आणि बरीच मोठी, सूट आली. त्याच वेळी बारा महिन्यांत तीनशे तीस दिवस बाहेर, ही नवी मोजणी सुरू झाली.

हा तपशील आम्ही मुद्दाम दिला. कायदा स्थिर असता तर सल्लागाराची गरज एकदाच लागली असती. तो दर दहा वर्षांनी बदलत गेला म्हणून सल्ला हा पोटापाण्याचा धंदा झाला. अमेरिकेत करदात्याच्या वतीने सरकारपुढे उभे राहणाऱ्या नोंदणीकृत प्रतिनिधींची परंपरा तर आणखी मौजेची आहे. यादवी युद्धात सैन्याने नेलेल्या घोड्यांची भरपाई मागताना लोकांनी इतके खोटे दावे लावले की, असे दावे चालविणाऱ्या दलालांवर अंकुश ठेवण्यासाठी १८८४ साली कायदा करावा लागला. मेलेल्या घोड्यांपासून निघालेली ही परंपरा पुढे प्राप्तिकरापर्यंत येऊन पोचली.

आंतरराष्ट्रीय कराचा व्यवसाय असा ज्याने आयुष्यभर केला, त्यांत मिचेल कॅरोल या अमेरिकी वकिलाचे नाव आधी घ्यावे लागेल. राष्ट्रसंघासाठी १९३० नंतर तो देशोदेशी हिंडला आणि कंपन्यांचा नफा दोन देशांत कसा वाटला जातो याचा अभ्यास त्याने केला. १९३८ साली हेग येथे आंतरराष्ट्रीय करतज्ज्ञांची संघटना स्थापन झाली, तिचा तो पहिला अध्यक्ष. या थोर प्रवाशाच्या पेटीतही कंपन्यांचाच नफा होता, हे नजरेआड करता येत नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी तेलकंपन्या, बांधकाम कंपन्या आणि कारखानदार जगभर माणसे पाठवू लागले, तेव्हा पगारदार खऱ्या अर्थाने सल्लागाराच्या टेबलापाशी आला. पण त्याला तेथे आणून बसविले कंपनीने. येथे ‘टॅक्स इक्वलायझेशन’ नावाची युक्ती निघाली. तिचा अर्थ घरच्याइतकाच कर. समजा, एका इंजिनियरचा पगार हजार डॉलर आहे आणि घरी त्यावर दोनशे कर बसला असता. कंपनी त्याला म्हणते, तू कोठेही जा, तुझ्या हातात आठशेच पडतील. दोनशे आम्ही ‘मानीव कर’ म्हणून कापू आणि खरा कर, दोन्ही देशांतला, आम्ही भरू. आता यजमान देशाचा दर शेकडा चाळीस असेल तर? कंपनीने नोकराच्या वतीने भरलेला कर हाही त्याचा पगारच धरला जातो, त्यावर पुन्हा कर बसतो, तो भरला की पुन्हा. गणित सोडवीत गेले तर हातात आठशे ठेवण्यासाठी कंपनीला सुमारे तेराशे तेहतीस डॉलर खर्चावे लागतात. त्यांतले पाचशे तेहतीस कराचे. हजाराचा माणूस तेराशेला पडतो. असा हिशेब शेकडो नोकरांसाठी दर वर्षी करायचा म्हटल्यावर मोठमोठ्या हिशेबतपासणी कंपन्यांत त्याची स्वतंत्र दालने उघडली, आणि तरुण पदवीधर या एकाच कामात आपली सारी कारकीर्द घालवू लागले.

सोय झाली खरी, पण एक नाजूक प्रश्न उरला. हा सल्लागार कोणाचा? फी कंपनी देते; विवरणपत्रावर सही नोकराची; खोटे निघाले तर नोटीसही नोकराच्या नावे. नोकराचे घर भाड्याने दिलेले असेल, बायकोचे काही उत्पन्न असेल, शेअर असतील, तर त्या कराची जबाबदारी कोणाची, हे नेमणुकीच्या पत्रात बारीक अक्षरांत लिहिलेले असते आणि विमानात बसण्याच्या गडबडीत ते कोणी वाचत नाही. वर्षअखेरीस मानीव कर आणि खरा आकडा यांचा मेळ घालताना नोकरच कंपनीचे देणे लागतो असे कधीकधी निघते. चांगला सल्लागार हे आधी सांगतो. जो सांगत नाही तो लबाड असतोच असे नाही. पुष्कळदा त्याला विचारलेलेच नसते.

आता ते एक कलम पाहू. १९६३ साली ‘ओईसीडी’ या राष्ट्रगटाने नमुना करार प्रसिद्ध केला. त्यातले पंधरावे कलम पगाराचे. काम जेथे होते तेथे कर, हा मूळ नियम. पण माणूस त्या देशात १८३ दिवसांहून अधिक राहिला नाही, पगार देणारा धनी त्या देशातला नाही, आणि त्या पगाराचा खर्च धन्याच्या तेथल्या शाखेच्या खाती पडलेला नाही, तर कर घरच्याच देशात. तिन्ही अटी एकदम पुऱ्या व्हाव्या लागतात. लोक पहिली अट पाठ करतात आणि तिसरीवर अडखळतात. ‘मी तर पाचच महिने होतो’ असे म्हणणाऱ्या माणसाचा पगार लंडनच्या शाखेने खर्ची टाकला असेल तर त्याचे पाच महिने फुकट गेले.

दिवस मोजून भागत नाही याचा अनुभव इंग्लंडला आधीच आला होता. लायसाट नावाचा एक गृहस्थ कंपनीच्या कामातून बराचसा निवृत्त होऊन आयर्लंडात जाऊन राहिला. दर महिन्याला संचालकांच्या सभेसाठी तो इंग्लंडात येई, हॉटेलात उतरे, आठवडाभर राहून परत जाई. १९२८ साली लॉर्डांच्या सभागृहाने तो इंग्लंडचा निवासी आहे हा निष्कर्ष कायम ठेवला. इंग्लंडात घर नाही, कुटुंब नाही. पण येणे-जाणे नेमाचे, म्हणून निवासी! दोन देश एकाच माणसाला आपापला निवासी म्हणू लागले तर काय करायचे, यासाठी नमुना करारात पायऱ्या घातल्या आहेत. आधी कायमचे घर कोठे, मग जिव्हाळ्याचे व पैशाचे संबंध कोठे अधिक, मग राहण्याची सवय कोठे, मग नागरिकत्व, आणि तेही जमले नाही तर दोन्ही सरकारांनी बसून ठरवावे. म्हणजे सल्लागाराला विचारावे लागते की बायको कोठे राहते, मुले कोणत्या शाळेत जातात, आजारपणात तुम्ही कोणत्या डॉक्टरकडे धावता. घरच्या वैद्यालाही कोणी इतके सांगत नाही.

आपल्या देशात वास्तव्याची कसोटी १९३९ च्या दुरुस्तीने नीट बसली. वर्षात १८२ दिवस देशात असलेला तो निवासी, आणि त्याच्या जगभरच्या मिळकतीवर कर. जो निवासी आहे पण मुरलेला नाही, त्याच्यासाठी मधला एक सौम्य वर्ग. ही तीन दालने १९६१ च्या कायद्यात आली आणि २०२५ साली संमत झालेल्या नव्या कायद्यातही १८२ चा आकडा टिकला. आपले आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होते. एप्रिल ते ऑगस्ट १५३ दिवस होतात. त्यांत २८ मिळविले की १८१. म्हणून नोकरीसाठी परदेशी निघणारा हिंदी नागरिक २८ सप्टेंबरपर्यंत सीमा ओलांडतो तर त्या वर्षी अनिवासी. एक दिवस उशीर झाला तर निवासी, आणि मार्चपर्यंतचा परदेशी पगारही हिशेबात. मुंबईहून पश्चिमेकडे जाणारी पुष्कळ विमाने मध्यरात्रीनंतर सुटतात, तेव्हा पारपत्रावर शिक्का कोणत्या तारखेचा पडला यावर वर्षाचा कर लोंबकळतो. जाण्याचा दिवसही मुक्कामात धरण्याचा सावध प्रघात जाणते सल्लागार पाळतात, तो यासाठीच.

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या बोटीवरच्या माणसाला ही मोजणी कोणी शिकवावी लागत नाही. बोटीवर चढल्या-उतरल्याची नोंद त्याच्या सी.डी.सी. पुस्तकात असते आणि वर्षअखेरीस घरातली बाई देखील दिवस बोटांवर मोजून सांगते. पण दिवस बरोबर असूनही तो एका गोष्टीने अडकत असे. परदेशी जहाजाचा पगार त्याच्या येथल्या बँकेतल्या अनिवासी खात्यात जमा होतो. मग तो ‘भारतात मिळालेला’ पगार झाला की नाही? या एका प्रश्नावर खलाशांनी वर्षानुवर्षे नोटिसा झेलल्या. अखेर एप्रिल २०१७ मध्ये केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने परिपत्रक काढून सांगितले की, अनिवासी खलाशाने परदेशी जहाजावर, देशाबाहेर केलेल्या कामाचा पगार केवळ येथल्या खात्यात आला म्हणून करपात्र होत नाही. हे शहाणपण सुचायला एवढा काळ लागला, कारण खलाशाची ओरड दिल्लीपर्यंत पोचायला तेवढा काळ लागतो.

अमेरिकेची गोष्ट याहून बोलकी. भारत आणि अमेरिका यांच्यात दुहेरी कराविषयी करार १९५९ साली झाला, सह्याही झाल्या. पण सिनेटने त्याला मान्यता दिली नाही. भांडण होते ते भारताने परदेशी भांडवलाला दिलेली करसूट अमेरिकेने मानावी की नाही यावर. पगाराच्या कलमाशी कोणाचे वैर नव्हते. तरी भांडवलाच्या वादात सारा करारच बुडाला. पुढे १९६५ च्या कायद्याने अमेरिकेने आशियातल्या शिकलेल्या माणसांना दार उघडले. पुण्या-मुंबईचे डॉक्टर आणि इंजिनियर तिकडे गेले, स्थिरावले, काहींचे केस पांढरे झाले, आणि करार पुन्हा झाला तो सप्टेंबर १९८९ मध्ये. तीस वर्षे! या काळात माणूस अगदी उघड्यावर होता असे नव्हे. दोन्ही देशांच्या कायद्यांत परक्या कराची वजावट एकतर्फी मिळत असे. पण दोघांच्या कात्रीत सापडल्यावर दाद मागण्याची जागा नव्हती.

दुसरी एक जागा तर पुढेही रिकामी राहिली. तात्पुरत्या परवान्यावर अमेरिकेत काम करणाऱ्याच्या पगारातून वृद्धापकाळ व आरोग्य विम्याचे शेकडा ७.६५ कापले जातात. निवृत्तिवेतनाचा हक्क साधारण दहा वर्षांच्या नोकरीने येतो आणि परवाना सामान्यतः सहा वर्षांचा. मधल्या वर्षांची बेरीज धरणारा करार अमेरिकेने अनेक देशांशी केला. भारताशी तो २०२४ सालापर्यंत झालेला नव्हता. परत आलेल्या किती मराठी मुलांचे हप्ते तिकडेच राहिले असतील, याचा अंदाज श्रोत्यांनीच करावा.

अलीकडे मात्र कर चुकण्यापेक्षा कागद चुकण्याचेच भय वाढले आहे. अमेरिकेत १९७० च्या एका कायद्याप्रमाणे परदेशातल्या बँकखात्यांची माहिती सरकारला दरसाल द्यावी लागते. आजची मर्यादा सर्व खाती मिळून दहा हजार डॉलरांची. हा नियम नागरिकालाच नव्हे, तर तेथे राहणाऱ्या परकीयालाही, म्हणजे नोकरीच्या परवान्यावर गेलेल्या मुलालाही लागतो. तो निवासी केव्हा ठरतो याची अमेरिकी मोजणी तर अपूर्णांकांची आहे: चालू वर्षाचे दिवस पुरते, गेल्या वर्षाचे तिसरा हिस्सा, त्यामागच्या वर्षाचे सहावा हिस्सा, आणि बेरीज १८३. २०१० साली आणखी एक कायदा झाला आणि परदेशी बँकांनीच अमेरिकी खातेदारांची नावे कळवावी असे ठरले. भारताने त्याविषयीच्या करारावर जुलै २०१५ मध्ये सही केली. त्याच वर्षी आपल्याकडेही परदेशी मालमत्ता विवरणपत्रात न दाखविणाऱ्या निवासी माणसाला दहा लाखांचा दंड सांगणारा कायदा आला. २०२४ पासून स्थावर सोडून वीस लाखांपर्यंतच्या मालमत्तेला त्यातून सूट मिळाली आहे. तिकडची नोकरी संपवून गावी परतलेल्या आणि तिकडचे निवृत्तिखाते विसरलेल्या माणसाला हा कायदा ठाऊक असेलच असे नाही.

अशा अजाणतेपणाची किंमत किती, हे बिटनर यांच्या खटल्यात दिसले. मूळचे रुमानियाचे, अमेरिकी नागरिक झालेले, १९९० साली रुमानियात परतलेले हे गृहस्थ. खात्यांची माहिती द्यावी लागते हे त्यांना २०११ साली कळले. त्यांनी आपण होऊन पाच वर्षांचे अहवाल भरले. सरकारने दर वर्षीचे प्रत्येक खाते स्वतंत्र गुन्हा धरून, २७२ खात्यांच्या नोंदींबद्दल, २७ लाख २० हजार डॉलर दंड सांगितला. लबाडीचा आरोप नव्हता. २८ फेब्रुवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरविले की दंड अहवालागणिक, खात्यागणिक नव्हे. दंड पन्नास हजारांवर आला. एक न्यायमूर्ती तिकडे झुकले असते तर उरलेले २६ लाख ७० हजार द्यावे लागले असते.

म्हणूनच या धंद्यातला जुना, अनुभवी माणूस नवा अशील समोर बसला की पगार किती ते आधी विचारीत नाही. पुण्याला किंवा सांगलीला आईच्या नावावरच्या बँकखात्यात, तिच्या सोयीसाठी म्हणून, तुझेही नाव घातलेले आहे काय, हे तो विचारतो. मुलगा हसून ‘ते तर आईचे’ असे म्हणतो. सल्लागार वही उघडून खात्याचा क्रमांक लिहून घेतो.